जुनी रॉक मासिकं आज कशासाठी वाचायची?

प्रश्न असा आला आहे : "मी वीस वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो आणि कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवतो. जुन्या रॉक मासिकांतल्या पत्रकारांची नावं सारखी कानावर येतात. लेस्टर बँग्ज, ग्रील मार्कस, एनएमईवाले. पण आता कुठलंही गाणं दोन सेकंदांत लागतं. मग त्याबद्दल पन्नास वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं ते वाचून काय मिळणार? मला मराठीत परीक्षणं लिहायची आहेत, तर या लोकांकडून नेमकं काय घेऊ?"

मी १९८९ पासून मुंबईत रॉकबद्दल लिहितोय, आधी इंग्रजीत आणि गेली काही वर्षं मराठीतही. तुझा प्रश्न मला मनापासून आवडला, म्हणून सवडीने उत्तर देतो.

आधी थोडक्यात सांगतो. या लोकांकडून शैली उचलू नकोस. त्यांची एक सवय उचल : स्वतःचं मत छापून आल्यावरही तोच अल्बम पुन्हा लावायचा, आणि कान बदलला असेल तर तेही स्वतःच्या नावाने छापायचं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लिखाणात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच.

आता सविस्तर.

आमच्या वेळी गाणं आणि कान यांच्यात फार अंतर होतं. मी अकरावीत असताना फाउंटनच्या फुटपाथवर 'क्रीम' मासिकाचा एक अंक मिळाला. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली चार पानं गायब, मधल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. दोन रुपयांना घेतला. त्यात ज्या अल्बमांची परीक्षणं होती, त्यांतला एकही मी ऐकलेला नव्हता आणि लवकर ऐकायला मिळेल अशी शक्यताही नव्हती. परदेशी रेकॉर्ड विकत घेण्याची आमच्या घरची ऐपत नव्हती. मग मी ती परीक्षणंच 'ऐकायचो'. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत बसून, गिटार इथे कशी येत असेल, ड्रम कुठे थांबत असतील, असं मनात लावून बघायचो. त्यातला एक अल्बम चार वर्षांनी मित्राने टीडीके ९० कॅसेटवर भरून दिला. मनात ऐकलेला आणि खरा यांत बराच फरक निघाला, पण एक जागा अगदी तंतोतंत जुळली : गायक शेवटच्या कडव्यात श्वास घ्यायला थांबतो आणि त्या पोकळीत फक्त हाय-हॅट (ड्रमच्या संचातली झांजेची जोडी) वाजत राहतो. लिहिणाऱ्याने ते एका वाक्यात पकडलं होतं. त्या वाक्यामुळे मी या धंद्यात आलो.

आज ते अंतर राहिलेलं नाही, हे तुझं म्हणणं बरोबर. पण ऐकता येणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं. हाय-हॅटची ती जागा आज लाखो लोकांच्या कानांवरून जाते. ती दाखवणारा माणूस तेव्हा लागायचा तसा आजही लागतोच.

ही परंपरा सुरू कुठे झाली, ते पटकन सांगतो. ब्रिटनमध्ये 'मेलडी मेकर' १९२६ पासून निघत होतं, मूळ डान्स बँडमधल्या वादकांसाठी. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस', म्हणजे एनएमई, १९५२ मध्ये आलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी ब्रिटनमधली रेकॉर्डच्या विक्रीची पहिली यादी छापली. पण तिथे बातम्या, तारखा, याद्या आणि ताऱ्यांच्या आवडीनिवडी हाच मुख्य माल होता. रॉकचा गंभीरपणे विचार करणारं अमेरिकेतलं पहिलं मासिक म्हणून 'क्रॉडॅडी'चं नाव घेतात. फेब्रुवारी १९६६ मध्ये पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजविद्यार्थ्याने ते चक्रमुद्रित करून काढलं. तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याच्याकडे पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. या गाण्यांबद्दल विचार करून लिहिलं पाहिजे, एवढीच त्याची खात्री होती.

पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी 'रोलिंग स्टोन' सुरू केलं. पहिल्या अंकावर तारीख आहे ९ नोव्हेंबर १९६७ आणि मुखपृष्ठावर सैनिकाच्या वेशातला जॉन लेनन, एका चित्रपटातल्या प्रसंगातला. वेनर तेव्हा एकवीस वर्षांचा, ग्लीसन पन्नाशीचे आणि दैनिकात जाझवर लिहिणारे मुरलेले समीक्षक. ही जोडी महत्त्वाची आहे. नुसत्या पोरांच्या उत्साहावर ते मासिक टिकलं नसतं. ग्लीसन यांच्याकडे बातमीदारीची शिस्त होती, आणि ती कामाला आली अल्टामाँटच्या वेळी.

अल्टामाँटबद्दल जरा थांबून लिहितो, कारण रॉक पत्रकारिता म्हणजे फक्त परीक्षण असा बहुतेकांचा समज असतो.

६ डिसेंबर १९६९. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँटच्या रेसट्रॅकवर रोलिंग स्टोन्स या बँडचा फुकट कार्यक्रम. जागा ऐन वेळी ठरलेली, स्टेज जेमतेम कमरेएवढं उंच, सुमारे तीन लाखांचा जमाव आणि स्टेजभोवती हेल्स एंजल्स ही मोटरसायकलवाल्यांची टोळी. मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला स्टेजसमोरच भोसकून मारलं गेलं. त्या दिवशी एकूण चौघांचा जीव गेला. तरी काही दैनिकांच्या पहिल्या बातम्यांमध्ये मोठी गर्दी, वाहनांची कोंडी आणि एकंदरीत शांततेत पार पडलेला दिवस एवढंच होतं.

'रोलिंग स्टोन'पुढे पेच होता. मासिकाचा या बँडशी घरोबा होता. बँडचा गायक मिक जॅगर तर त्याच वर्षी मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीत भागीदार होता. गप्प बसायला कारणं भरपूर होती. ग्लीसन यांनी वेनरकडे आग्रह धरला की एखाद्या युद्धाचं करावं तसं या घटनेचं पूर्ण वार्तांकन झालंच पाहिजे. मग जॉन बर्क्स, ग्रील मार्कस, लेस्टर बँग्ज आणि इतर मिळून अकरा जणांनी माहिती गोळा केली. २१ जानेवारी १९७० च्या अंकात ते सगळं आलं. जागा कशी बदलली, करार कुणी कसे फिरवले, टोळीला कुणी बोलावलं, आणि जो मेला तो मुलगा कोण होता. आयोजकांचा अहंकार, गलथानपणा आणि पैशाचं राजकारण यांवर सरळ बोट ठेवलं, बँडलाही सोडलं नाही. पुढच्या वर्षी मासिकाला राष्ट्रीय नियतकालिक पुरस्कार मिळाला, त्यात या वार्तांकनाचा मोठा वाटा होता.

तो लेख वाचताना एक गोष्ट बघ. त्यात विशेषणं फार कमी आहेत. वेळा आहेत, अंतरं आहेत, कोण कुठे उभं होतं ते आहे. ज्या मासिकाचं पोट रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिरातींवर भरत होतं, त्याने धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या बँडपैकी एकाबद्दल हे छापलं. संगीतावर लिहिणारा आधी बातमीदार असला पाहिजे, हे मी तिथून शिकलो.

आता लेस्टर बँग्जकडे येतो, कारण त्याचं नाव तू आधी घेतलंस आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

बँग्ज कॅलिफोर्नियाचा. १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने वाचकांकडून परीक्षणं मागवली, तेव्हा बुटांच्या दुकानात काम करणाऱ्या या मुलाने एमसी ५ या डेट्रॉइटच्या बँडच्या पहिल्या अल्बमची पार सालटी काढून पाठवली. ती छापून आली. १९७३ मध्ये वेनरने त्याला लिहायला बंद केलं, कारण दिलं की तो कलाकारांचा मान ठेवत नाही. तोवर तो 'क्रीम'मध्ये स्थिरावला होता. 'क्रीम' १९६९ मध्ये डेट्रॉइटमध्ये बॅरी क्रेमरने सुरू केलं. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही, मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९७१ मध्ये सगळी मंडळी शहराबाहेर वॉल्ड लेक गावातल्या एका शेतघरात राहायला गेली. तिथेच राहायचं, भांडायचं आणि अंक काढायचा. बँग्ज पानंच्या पानं एका बैठकीत टाइप करायचा. १९७५ मध्ये गायक लू रीडची त्याने घेतलेली मुलाखत म्हणजे जवळजवळ भांडणच आहे. ज्याला दैवत मानतो त्याच्याशी तोंडावर वाद घालणं, तेही प्रेमापोटी. ३० एप्रिल १९८२ ला तो न्यूयॉर्कमध्ये गेला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी.

लोकांना त्याचा आरडाओरडा आठवतो आणि मग नवे लेखक तो आरडाओरडाच तेवढा उचलतात. मला त्याचं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं, आणि ते ब्लॅक सॅबथ या बँडच्या उदाहरणावरून नीट कळतं.

सॅबथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. बर्मिंगहॅमच्या चार पोरांनी तो साधारण एका दिवसात रेकॉर्ड केला. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात गिटार दीड स्वर खाली उतरवली, तारा आणखी सैल झाल्या आणि तो जड, खर्जातला आवाज आला. आज जगभरच्या मेटलमध्ये जो वजनदारपणा आहे, त्याचं एक मूळ त्या तुटलेल्या बोटांत आहे.

सप्टेंबर १९७० मध्ये 'रोलिंग स्टोन'मध्ये बँग्जने या पहिल्या अल्बमला पार निकालात काढलं. क्रीम या बँडची नक्कल, तीही वाईट, असा सूर. (मासिकाचं आणि बँडचं नाव एकच आहे, गोंधळू नकोस.) बाकीच्या समीक्षकांचंही जवळपास हेच मत होतं, आणि त्यांतले बरेच जण त्यावर वर्षानुवर्षं ठाम राहिले. बँग्जने मात्र ऐकणं सोडलं नाही. १९७२ मध्ये 'क्रीम'मध्ये त्याने सॅबथवर दोन भागांचा मोठा लेख लिहिला. शब्दांमागची नैतिक भीती, युद्धाबद्दलचा राग, पोरं हे का ऐकतात, सगळं नव्याने मांडलं आणि त्यांना गंभीर कलाकार मानलं. एमसी ५ च्या ज्या अल्बमाची सालटी काढून तो लेखक झाला, तो अल्बमही पुढे त्याच्या अतिशय आवडीचा झाला, आणि हे त्याने लपवलं नाही.

ग्रील मार्कसचं असंच. जुलै १९७० मध्ये बॉब डिलनच्या दुहेरी अल्बमवर त्याने जे परीक्षण लिहिलं, त्याचं पहिलं वाक्य म्हणजे एक शिवी घातलेला प्रश्न. त्या काळात ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं. पण ते एक वाक्य वाचून थांबू नकोस. पुढे त्याने चोवीसच्या चोवीस गाणी एकेक करून घेतली आहेत. राग आला म्हणून ऐकणं टाळलेलं नाही. त्याच काळातल्या डिलनच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा संच २०१३ मध्ये निघाला, तेव्हा त्यासोबतचं टिपण लिहायला मार्कसलाच सांगितलं गेलं आणि त्याने ते लिहिलं. त्रेचाळीस वर्षं एकाच गाण्यांशी असा संबंध ठेवणं मला फार मोठं वाटतं.

तू मराठीत लिहिणार आहेस म्हणून इथे एक आपली गोष्ट सांगतो. वारंवार ऐकून, कलाकाराशी वाद घालत लिहिण्याची परंपरा मराठीला नवी नाही. केशवराव भोळे एकीकडे प्रभातच्या चित्रपटांना संगीत देत होते आणि दुसरीकडे 'एकलव्य' या नावाने त्या वेळच्या गायकांवर निर्भीडपणे लिहीत होते. वामनराव देशपांडे यांनी घराण्याघराण्यांतलं स्वराचं आणि लयीचं प्रमाण कसं बदलतं ते सामान्य रसिकाला समजेल असं मांडलं. बँग्ज वाचायच्या आधी हे वाचलं असतंस तर तुला तो तितका परका वाटला नसता.

आता एक अवघड विषय : लिहिणाऱ्याची ताकद आणि त्याचा मिंधेपणा.

१९६८ मध्ये जॉन लँडाउ या तरुण समीक्षकाने 'रोलिंग स्टोन'मध्ये लिहिलं की क्रीम बँडचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन ब्लूजमधल्या घासून गुळगुळीत झालेल्या जागाच वाजवतो. क्लॅप्टनने नंतर स्वतः सांगितलं की ते वाचून तो हादरला, आणि क्रीम बँड मोडण्याच्या त्याच्या निर्णयामागे हेही एक कारण होतं. याच लँडाउने मे १९७४ मध्ये बॉस्टनच्या एका साप्ताहिकात लिहिलं की मी रॉक अँड रोलचं भविष्य पाहिलं आणि त्याचं नाव ब्रूस स्प्रिंगस्टीन. रेकॉर्ड कंपनीने ते वाक्य जाहिरातीत वापरलं. वर्षभरात लँडाउ त्याच्या पुढच्या अल्बमचा सहनिर्माता झाला आणि नंतर कायमचा व्यवस्थापक. त्याचं ते लिखाण प्रामाणिक होतं, यात मला शंका नाही. पण त्या दिवसापासून तो समीक्षक राहिला नाही, आणि त्याने तसं सोंगही केलं नाही. हा मार्ग चुकीचा नाही, मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. आपल्याकडे बँडचं प्रसिद्धीपत्रक लिहून देणारा आणि त्याच बँडचं परीक्षण करणारा माणूस एकच असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. तू स्वतः वाजवतोस. तेव्हा आजच ठरव की ज्यांच्यासोबत स्टेजवर जातोस त्यांच्याबद्दल लिहायचं नाही.

जवळ जाऊनही तटस्थ राहता येतं का? कॅमेरॉन क्रो हे त्याचं उदाहरण. १९७३ मध्ये सोळा वर्षांचा हा मुलगा 'रोलिंग स्टोन'साठी ऑलमन ब्रदर्स बँडबरोबर दौऱ्यावर गेला. बँडचा गायक ग्रेग ऑलमन याचा भाऊ ड्वेन दोनच वर्षांपूर्वी मोटरसायकल अपघातात गेलेला, आणि ग्रेग त्याबद्दल क्रोशी मोकळेपणाने बोलला. मग दौऱ्याच्या शेवटी ग्रेगला संशय आला, हा पोरगा नक्की कोण आहे? त्याने ओळखपत्र मागितलं आणि मुलाखतींच्या सगळ्या टेप काढून घेतल्या. काही दिवसांनी त्या परत आल्या आणि लेख मुखपृष्ठावर झळकला. मी स्वतः कॅसेट रेकॉर्डर घेऊन मुलाखती घेतल्यात, म्हणून सांगतो, त्या टेपा हातातून गेल्यावर पोटात काय होत असेल ते मला कळतं. सगळं काम त्या दोन चाकांवर गुंडाळलेलं असतं. लेड झेपलिन बँडवाले 'रोलिंग स्टोन'वर १९६९ च्या परीक्षणापासून रागावलेले होते. १९७५ मध्ये ते बोलले ते क्रोशीच, कारण त्याने त्यांची गाणी खरोखर ऐकलेली होती.

बायकांबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण या इतिहासातून त्यांची नावं सहज गळतात. एलेन विलिस १९६८ पासून 'न्यूयॉर्कर'ची पहिली पॉप समीक्षक होती. गाणं आवडतं आणि त्यातला बाईबद्दलचा दृष्टिकोन आवडत नाही, हे दोन्ही एकाच परिच्छेदात धरून ठेवायला मी तिच्याकडून शिकलो. ऑस्ट्रेलियाची लिलियन रॉक्सन हिने १९६९ मध्ये रॉकचा कोश एकहाती केला. ब्रिटनमध्ये कॅरोलिन कून 'मेलडी मेकर'मध्ये पंकची पहिली दखल घेत होती आणि व्हिव्हियन गोल्डमन 'साउंड्स' या साप्ताहिकात रेगेवर लिहीत होती. 'क्रीम'च्या यान युहेल्स्कीने १९७५ मध्ये जे केलं ते तर वाचच : किस या बँडबरोबर, त्यांच्यासारखाच चेहरा रंगवून घेऊन आणि त्यांच्यासारखा वेश करून ती पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनमध्ये हजारोंसमोर काही मिनिटं स्टेजवर उभी राहिली आणि मग त्यावर लिहिलं. हा निव्वळ स्टंट नव्हता. खालून बघणाऱ्याला जे दिसतं आणि वरून जे दिसतं, त्यातलं अंतर तिला शब्दांत आणायचं होतं.

तरीही हे जग मुख्यतः गोऱ्या पुरुषांचं होतं आणि त्याचे परिणाम यादीयादीत दिसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेनरच्या मुलाखतींच्या पुस्तकात एकही स्त्री किंवा कृष्णवर्णीय कलाकार नाही, हे निदर्शनाला आलं. त्यावर त्याने दिलेलं उत्तर इतकं वाईट होतं की ज्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या स्थापनेत त्याचा हात होता, त्याच्याच संचालक मंडळातून त्याला काढण्यात आलं. जुनी मासिकं वाचताना हे ध्यानात ठेव. चक बेरी, लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय कलाकारांशिवाय हे संगीतच नसतं, आणि तरी त्या संगीताचा न्याय करणाऱ्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं ते बघ.

ब्रिटनचं गणित वेगळं होतं. तिथे साप्ताहिकं होती, दर आठवड्याला पानं भरायची. १९७२ मध्ये एनएमई बंद पडायला आलं होतं. मग निक केंट, चार्ल्स शार मरे यांच्यासारखी मुख्य प्रवाहाबाहेरच्या 'अंडरग्राउंड' मासिकांतली पोरं आत घेतली गेली आणि अंक उभा राहिला. १९७६ मध्ये तरुण लेखकांसाठी जाहिरात दिली, त्यातून जिनच्या कारखान्यात काम करणारा टोनी पार्सन्स आणि सतरा वर्षांची ज्युली बर्चिल आले. ही माणसं हुशार होती, पण दर आठवड्याला कुणाला तरी चढवायचं आणि कुणाला तरी उतरवायचं, ही सवय मला कधीच रुचली नाही. जून १९७७ मध्ये एनएमईने क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची मुलाखत छापली आणि मथळ्यातच विचारलं, हा माणूस मूर्ख आहे का? फ्रेडी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फरोख बलसारा. त्याचं गाणं त्या मथळ्याच्या किती वर पोचलं हे वेगळं सांगायला नको. पण तो अंक वाचताना कळतं की तिथे त्याचा आवाज ऐकण्यात कुणालाच रस नव्हता. बँग्जही सॅबथबद्दल चुकला होता, पण त्याने निदान कान बंद केले नव्हते.

एक मात्र मान्य करायला हवं : संगीतप्रकारांची बारशी या मंडळींनीच केली. 'पंक रॉक' हा शब्द १९७१ मध्ये डेव्ह मार्शने 'क्रीम'मध्ये वापरला, पंकचे बँड उभे राहायच्या कितीतरी आधी. ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेला ते नाव मे १९७९ मध्ये 'साउंड्स'ने दिलं आणि दोन वर्षांनी त्याच 'साउंड्स'च्या पोटातून 'केरँग' जन्मलं. मुंबईच्या लोकलमध्ये काळे टी-शर्ट घालून फिरणाऱ्या आमच्या पिढीसाठी 'केरँग'चा हाती आलेला एखादा अंक म्हणजे मोठी दौलत होती.

आपल्याकडे काय होतं? कोलकात्याला डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली 'ज्युनियर स्टेट्समन' १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं निघालं. देशभरातल्या मुलांच्या भिंतींवर त्यातली पोस्टर होती. मग मोठी पोकळी. १९८६ पासून मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायला लागला, रॉक मशीनसारखे बँड स्वतःची गाणी करू लागले, पण त्यांची नोंद ठेवणारं नियमित मासिक नव्हतं. ते आलं १९९३ मध्ये, आणि आलं अलाहाबादहून. अमित सैगल आणि शीना गामट यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं. मुंबई नाही, बंगळूर नाही, शिलाँगही नाही. डेट्रॉइटच्या 'क्रीम'सारखंच, मध्यापासून लांब. त्यांनी नागपूरपासून ऐझॉलपर्यंतच्या बँडना एकमेकांची नावं कळवली, गाणी संकलित करून काढली, ग्रेट इंडियन रॉक महोत्सव उभा केला. अमित जानेवारी २०१२ मध्ये गोव्याच्या समुद्रात बुडून गेला. त्याच्यानंतर या क्षेत्रात जी पोकळी झाली ती मला अजून जाणवते. 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती मुंबईतून २००८ मध्ये सुरू झाली, पण तोवर छापील काळ उताराला लागला होता. एनएमईचा साप्ताहिक छापील अंक मार्च २०१८ मध्ये थांबला, 'क्यू' हे ब्रिटिश मासिक २०२० मध्ये बंद पडलं.

आता तुझ्या लिखाणाबद्दल. आधी माझी एक चूक सांगतो.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका नव्या बँडची कॅसेट माझ्याकडे परीक्षणाला आली. मजकूर संध्याकाळी सातपर्यंत द्यायचा होता. मी फक्त 'ए' बाजू ऐकली आणि लिहिलं की यांना संथ लयीत गाताच येत नाही. 'बी' बाजूचं पहिलंच गाणं संथ होतं, आणि फार सुंदर होतं. दोन आठवड्यांनी रंगभवनाच्या फाटकाशी त्यांचा ड्रमर भेटला. काही बोलला नाही. खिशातून कॅसेट काढली, पेन्सिल घालून 'बी' बाजूच्या सुरुवातीला आणली आणि माझ्या हातात ठेवली. मी पुढच्या आठवड्यात त्याच सदरात माझी चूक लिहिली. तो बँड नंतर वर्षभरही टिकला नाही. माझ्या त्या परीक्षणामुळे असं नाही, पण त्यांच्याबद्दल छापून आलेला जवळपास एवढाच मजकूर होता, आणि त्यातला अर्धा चुकीचा होता. त्यानंतर पूर्ण तीनदा ऐकल्याशिवाय मी एक ओळ लिहिलेली नाही.

भाषेचं म्हणशील तर 'रिफ'ला (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ) प्रतिशब्द शोधत बसू नकोस, रिफ म्हण. पण वर्णन करताना आपल्या कानातले शब्द वापर. खर्ज, ठाय लय, समेवर येणं, जागा घेणं, आवाज लावणं, हे शब्द रॉकला परके नाहीत. तू पुण्याचा आहेस, ढोल-ताशा पथक ऐकत वाढला असशील. ताशा कितीही नाचला तरी ढोलाचा ठोका जमिनीला धरून असतो, आणि बासचं काम नेमकं तेच. बेस ड्रम आणि बास एकाच क्षणी पडले तर छातीत काय होतं आणि बास केसभर मागे राहिला तर काय होतं, हे तू वाजवणारा असल्यामुळे तुला जितकं कळतं तितकं मला कधीच कळणार नाही. ते लिही. 'अप्रतिम', 'भन्नाट', 'अफलातून' हे तीन शब्द सहा महिने वापरू नकोस. आणि थोडक्यात लिहायला शिकायचं असेल तर रॉबर्ट क्रिस्टगाऊ वाच. १९६९ पासून एकेका परिच्छेदात एकेक अल्बम आणि शेवटी परीक्षेसारखी श्रेणी. त्याची श्रेणी पटली नाही तरी एका वाक्यात तो किती ऐकलेलं बसवतो ते बघ.

सुरुवात कुठून करू, असंही तुला वाटेल. 'क्रीम'चे जुने अंक आता डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहेत, इतर मासिकांतले हजारो लेखही वर्गणी भरून वाचता येतात. पण पहिल्यांदा सॅबथच घे. पहिला अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो. हेडफोन लावून तो ऐक आणि तुझं मत वहीत लिहून ठेव. मग बँग्जचं १९७० चं परीक्षण वाच, त्यानंतर त्याचा १९७२ चा लेख, दोन्ही भाग. मग अल्बम पुन्हा लाव, या वेळी फक्त गीझर बटलरचा बास ऐकत, आणि वहीतल्या मतात काय बदललं ते मला कळव.